किल्लीच्या पोथ्या

हल्ली दिवाळीची सुटी लागली की घरोघरी एक नवाच देखावा दिसतो. चिरंजीवांच्या मांडीवर फराळाची बशी आणि समोर पडद्यावर जपानी चित्रमालिका. मागे बसलेल्या आजी चार-दोन भाग नेटाने पाहतात आणि मग विचारतात, ‘‘काय रे, हा मघाशी मेला होता ना?’’ नातू मान न वळवता सांगतो, ‘‘तो हा नव्हे, आजी. म्हणजे तोच, पण आता त्याचं नाव दुसरं आहे.’’ आजी बिचाऱ्या चकली मोडून तोंडात टाकतात. त्यांच्या मनात येते ते आपल्याही मनात येते : गोष्ट समजायला सोबत एखादे पुस्तक लागावे, ही कुठली गोष्ट?

पण खुद्द जपानात अशी पुस्तके निघतात, आणि खपतातही. ‘साझाए-सान’ ही तिथली अगदी घरगुती मालिका. १९६९ पासून चालू असलेली, आपल्या चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाच्या कुळातली म्हणावी अशी. त्या मालिकेतल्या इसोनो कुटुंबाची बारीकसारीक उलटतपासणी करणारे एक पुस्तक १९९२ साली निघाले. मूळ कर्तीशी त्याचा काही संबंध नव्हता. चार उत्साही वाचकांनी ते तयार केले होते. त्याच्या लाखो प्रती गेल्या आणि तसल्या ‘कोड्यांच्या पुस्तकां’ची तिथे लाटच आली. पुढे १९९५-९६ मध्ये ‘इव्हँजेलियन’ नावाची सव्वीस भागांची मालिका झाली. तिचा शेवट असा काही चमत्कारिक होता की प्रेक्षक चक्रावून गेले, आणि त्या शेवटाचा अर्थ लावणारी पुस्तके दुकानांत शेजारी शेजारी मांडली गेली. कोण कोणाचा कोण, कोणती घटना आधीची, ती कुठे घडली, अमुक वाक्य त्याने का उच्चारले, एवढीच त्यांची सामग्री. हक्क कंपनीचा, प्रेम वाचकांचे, आणि पुस्तक त्या प्रेमापोटी.

हे सारे आपल्याकडे नवे वाटण्याचे कारण नाही. ‘सार्थ’ पोथ्या आपल्या देवघरांत आहेत आणि ‘गाईडे’ मुलांच्या दप्तरांत आहेत. पण त्याहूनही जुने आणि जपानी मासल्याशी अगदी हुबेहूब जुळणारे उदाहरण हवे असेल, तर आपल्याला बुलढाणा जिल्ह्यात जावे लागेल. मेहकर आणि लोणार ही त्या जिल्ह्यातली दोन गावे. प्रवासी मंडळी मेहकर ओळखतात ते १८८८ साली सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या मूर्तीमुळे, आणि लोणार ओळखतात उल्कापाताने झालेल्या सरोवरामुळे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा तर ते साऱ्या वर्तमानपत्रांत झळकले. परंतु मराठी गद्याच्या पहिल्यावहिल्या मोठ्या ग्रंथातही ही दोन्ही गावे आहेत, ही गोष्ट तिकडे जाणाऱ्या सहलीच्या गाडीत क्वचितच कोणी बोलते. तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’. मेहकराचे नाव त्यात ‘मेघंकर’ असे येते. देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव आणि चक्रधरस्वामी यांची भेट लोणारला झाल्याची लीळा त्यात आहे.

‘लीळाचरित्र’ ज्याने उघडून पाहिले आहे त्याला वरच्या आजींची अडचण लगेच पटेल. हजाराहून अधिक लहान लहान प्रसंग, एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत. कुठे स्वामी जेवतात, कुठे वाटेवर थांबतात, कुठे एखाद्या बाईचे रुसणे काढतात. प्रसंग साधे, पण माणसे? नागदेव म्हणजेच भटोबास. बाइसा म्हणजेच नागुबाई. गुंडम राऊळ, गोविंदप्रभू आणि श्रीप्रभू ही एकाच पुरुषाची तीन नावे. आणि खुद्द नायकाची कथा तर अशी की, द्वारावतीचे चांगदेव राऊळ देह ठेवतात आणि त्याच वेळी भडोचमध्ये मरण पावलेल्या हरपाळदेव नावाच्या तरुणाच्या देहात प्रवेश करतात. तो हरपाळ चितेवरून उठून घरी येतो, पुढे घर सोडतो, आणि गोविंदप्रभूंच्या भेटीनंतर तोच चक्रधर होतो. ‘तो हा नव्हे, म्हणजे तोच’ या नातवाच्या उत्तराहून हे काही सोपे नाही! जपानी चित्रमालिकेच्या लेखकालाही हेवा वाटावा असे हे कथानक तेराव्या शतकातले, आणि आपल्याच भाषेतले आहे.

ग्रंथाची जुळवाजुळव केली म्हाइंभटाने. हा सराळ्याचा विद्वान ब्राह्मण, संस्कृत शास्त्रांत मुरलेला. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य विदर्भातल्या रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तिथे नागदेवाचार्य एकटे बसून स्वामींच्या लीळा मनातल्या मनात आठवीत असत. परंपरा सांगते की म्हाइंभटाने त्यांना विचारले, तुम्ही पाहिले म्हणून तुम्हाला आठवते. जे पुढे येतील त्यांनी काय आठवावे? या प्रश्नातून सारे काम निघाले. ज्याच्यापाशी आठवण असेल त्याच्या गावी जायचे, ती ऐकायची, टिपायची, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची. साल साधारण १२७८ धरतात. ही रीत आजच्या वृत्तपत्राच्या बातमीदारालाही शोभली असती. किंबहुना काही बातमीदारांनी ती घ्यावी, असेही कोणी म्हणेल.

मग आली आपत्ती. देवगिरीवर खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या, देशात धामधूम माजली, पंथाची माणसे पांगली, आणि त्या पळापळीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो पाठांतरावर. त्यात हिराइसा नावाच्या बाईचे नाव फार मोठे आहे. तिला लीळा मुखोद्गत होत्या, आणि तिच्या आठवणीवरून झालेला ‘पाठ’ तिच्याच नावाने चालतो. परंतु आठवणारे एकटे कोणी नव्हते. एकाला एक शब्द आठवला, दुसऱ्याला दुसरा. तेव्हा त्या जुन्या मंडळींनी काय करावे? एकच खरा आणि बाकीचे खोटे असे न ठरवता, अमक्याची आठवण अशी आणि तमक्याची तशी, अशी नोंद त्यांनी पोथीतच करून ठेवली. एकेकाच्या अशा आठवणीला त्यांचा शब्द आहे ‘वासना’. शेकडो वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांत असे प्रामाणिक मतभेद नावनिशीवार वाचायला मिळतात, तेव्हा या मंडळींपुढे नमस्कारासाठी आपोआप हात जोडले जातात.

मूळ हरवलेले, पाठ अनेक, पात्रे शेकडो आणि प्रत्यक्ष पाहिलेले लोक एकेक करून निघून चाललेले. अशा वेळी सोबतच्या पोथ्या जन्माला आल्या नसत्या तरच नवल. केशिराजबासांनी लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ तयार केला. त्यांनीच स्वामींनी सांगितलेले दाखले गोळा करून ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी ठरीव : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दाखल्यातली कोणती बाब सिद्धांतातल्या कोणत्या बाबीला लावायची त्याची फोड. जन्मांध आणि हत्ती यांची आपण शाळेत ऐकलेली गोष्ट त्यातही आहे. परीक्षेच्या गाईडात प्रश्न, उदाहरण आणि उत्तर असतात, त्याचेच हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की याचे मराठी फार सुंदर आहे.

पण वचने वेगळी काढली की एक नवीच अडचण उभी राहते. वाक्य हातात उरते आणि प्रसंग निसटतो. ‘जा’ हा शब्द रागाने म्हटला की मायेने, हे प्रसंगावाचून कसे कळावे? म्हणून मग ‘प्रकरणवश’ नावाच्या पोथ्या आल्या. अमुक सूत्र कोणत्या वेळी, कोणाला, कशावरून म्हटले गेले, ते त्या सांगतात. म्हणजे लीळेतून सूत्र काढले, आणि सूत्र कळावे म्हणून पुन्हा लीळेकडे धाडले! हा उलटसुलट प्रवास काहींना हास्यास्पद वाटेल. मला मात्र तो या साऱ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. गुरुशिष्यांच्या शाखा सांगणारी ‘अन्वयस्थळे’ त्यांनी लिहिली, आणि पुढे त्यांवर टीका व त्या टीकांवरही टीका झाल्या. त्या सगळ्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

येथे एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. केशिराजबासांना संस्कृत उत्तम येत होते, आणि ग्रंथरचना संस्कृतात करण्याचा मनोदय त्यांनी नागदेवाचार्यांपुढे ठेवला होता. आचार्यांनी तो मोडून काढला. कारण काय, तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील! सोबतीची पोथी कोणासाठी असते, याचे इतके नेमके उत्तर पुढच्या सातशे वर्षांत फारसे कोणी दिलेले नाही. आज पुष्कळ टीकाकार मूळ ग्रंथापेक्षा अवघड भाषेत त्याचे विवेचन करतात. त्यांच्या कानांवर या म्हाताऱ्यांची हकीकत कोणीतरी घातली पाहिजे.

या पोथ्यांमधली सगळ्यांत मौजेची, आणि बुलढाणेकरांच्या विशेष जिव्हाळ्याची, म्हणजे ‘स्थानपोथी’. ती मुनी व्यास यांच्या नावावर आहे, आणि काळ चौदाव्या शतकाचा. लीळा जिथे जिथे घडल्या त्या गावांची ही वाटाड्या पोथी. पण ‘अमुक गावी स्वामी राहिले’ एवढ्यावर तिचे समाधान नाही. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, आवाराला दरवाजे किती, पटिशाळा कोणत्या बाजूला, पिंपळ कुठे, नदीकडे जाणारी वाट कोणत्या अंगाने उतरते, आणि या सगळ्यात स्वामी नेमके कुठे बसत, कुठे नाहत, कुठे जेवत आणि कुठे निजत, हे ती मोजक्या शब्दांत नोंदवीत जाते. बरेच दिवसांचा मुक्काम म्हणजे ‘अवस्थान’, रात्रीपुरती उतरण्याची जागा म्हणजे ‘वसती’, बसण्याची जागा म्हणजे ‘आसन’. जेवणाला ‘आरोगणा’, निजण्याला ‘पहूड’. फार काय, स्वामी लघुशंकेला जात त्या ‘परिश्रया’च्या जागाही तिने सोडलेल्या नाहीत! सुसंस्कृत वाचकांनी नाक मुरडू नये. ज्या माणसावर आपले प्रेम असते त्याची कोणती आठवण क्षुल्लक, हे परक्याने ठरवायचे नसते.

स्थानपोथी लिहिणाऱ्याला बहुधा पक्के ठाऊक होते की देवळे पडतात, वाडे कोसळतात, गावे उठतात. झालेही तसेच. तिच्यात वर्णिलेल्या कितीतरी वास्तू आज जागेवर नाहीत. परंतु दिशा आणि अंतरे नोंदलेली असल्यामुळे, ‘हे दार इथे असणार, म्हणजे आसन त्याच्या डाव्या अंगाला’ असा हिशेब करता येतो. पंथाच्या लोकांनी तशा जागी ओटे बांधले. महानुभाव यात्रेकरू गावोगाव या ओट्यांना नमस्कार करीत जातो. मूर्तीऐवजी जागेला नमस्कार, कारण त्या जागेला स्वामींचा स्पर्श झालेला. बुलढाण्याच्या हद्दीला लागून, पण जालना जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत ‘जाळीचा देव’ म्हणून ठिकाण आहे. स्वामींनी जाळीतल्या वाघिणीच्या पिलांना तिथे खेळवले, अशी लीळा आहे. धाड-बुलढाण्याकडची माणसे यात्रेला आवर्जून तिकडे जातात. वाघ गेला, जाळी विरळ झाली, जागा राहिली.

एवढ्या आस्थेने किल्ल्या घडवणाऱ्या पंथानेच पुढे दाराला कुलूप लावले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की दैवदुर्विलास? चौदाव्या शतकापासून पोथ्या ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत उतरल्या जाऊ लागल्या. यातली सकळ लिपी मुख्य. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवायचे, असा तिचा साधा प्रकार. पण ज्याला कोष्टक ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने पान म्हणजे निव्वळ गिचमीड. धर्मग्रंथ परक्याच्या हाती पडून विटंबना होऊ नये ही भीती त्यामागे होती, आणि त्या काळात ती निराधार नव्हती. परिणाम मात्र असा झाला की, पंथ पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले, तिकडचे अनुयायी मराठी पोथ्या पुजू लागले, आणि खुद्द महाराष्ट्रातला सुशिक्षित माणूस त्यांतल्या एका ओळीलाही शेकडो वर्षे पारखा राहिला. मराठी गद्याचा आरंभ आपण भलतीकडेच शोधीत होतो.

कुलूप निघाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. पंथातल्या काही उदार महंतांनी पोथ्या दाखवल्या, इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी ग्रंथ उजेडात आणण्याचे काम हाती घेतले. आणि मग आले विष्णु भिकाजी कोलते. कोलत्यांचा जन्म २२ जून १९०८ चा, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा. म्हणजे खास बुलढाणा जिल्ह्याचे. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ साली भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि १९९८ साली वारले. परंतु हे मानमरातब बाजूला ठेवले तरी त्यांचे खरे आयुष्य पोथ्यांच्या पानांत गेले. महानुभावांचे तत्त्वज्ञान, त्यांचा आचारधर्म, चक्रधरांचे चरित्र, एकामागून एक ग्रंथ. ‘स्थानपोथी’ही त्यांनीच संपादिली, आणि तिची दुसरी आवृत्ती १९७६ साली निघाली ती मुंबई-पुण्याच्या एखाद्या बड्या प्रकाशनाकडून नव्हे, मलकापूरच्या अरुण प्रकाशनाकडून. नागपूरच्या गाडीने जाताना मलकापूर स्टेशन लागते. चहा घेण्यापलीकडे तिथे कोणी फारसे काही पाहत नाही. मराठीतल्या सर्वांत जुन्या वाटाड्या पोथीच्या छापील प्रती या गावाच्या नावाने निघाल्या, एवढे तरी पुढच्या वेळी ध्यानात असू द्यावे.

१९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र प्रसिद्ध केले. एकाच जाड खंडात सगळा ग्रंथ! अभ्यासकांना आनंद झाला. पंथातल्या काही मंडळींनी मात्र हरकत घेतली. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. जी गोष्ट गुरूच्या तोंडून, दीक्षा घेऊन, जपून ऐकायची, ती पुस्तकाच्या दुकानात किंमत टाकून मिळावी आणि बाहेरच्याने तिच्या पाठभेदांची छाननी करावी, हे श्रद्धावंताला कसे रुचावे? पण दुसरी बाजूही आहे. म्हाइंभटाचा प्रश्न आठवा : जे पुढे येतील त्यांनी काय आठवावे? त्या ‘पुढे येणाऱ्यां’त पंथाचे तेवढेच मोजायचे, की मराठी बोलणारे सगळे? मी दुसऱ्या पक्षाचा आहे, हे कबूल करतो. मात्र पोथ्या सातशे वर्षे ज्यांनी पोटाशी धरून वाचवल्या ते पहिल्या पक्षाचे होते, हेही विसरता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्राचे नाव पुराव्यांत अभिमानाने घेतले गेले. रिद्धपूरला तर आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. ॲन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीने महानुभाव पोथ्यांवर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांना मेहकर-लोणारचे भूगोल तोंडपाठ, आणि आपल्याला?

सोबतीच्या पोथीचा एक धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जपानी मालिकांची पुस्तके वाचून मूळ मालिका न पाहताच तिच्यावर तासभर बोलणारे तरुण असतात. आपल्याकडे गाईड पाठ करून कादंबरीवर प्रथम वर्ग मिळवणारेही असतात. किल्ली खिशात घालून फिरायचे आणि दार उघडायचेच नाही, असला हा प्रकार. स्थानपोथी यातून सुटली ती तिच्या कोरडेपणामुळे! दिशा, दार, ओटा, झाड, पाणी : तिच्यात रस असा नाहीच. लीळा ठाऊक नसतील तर ती चार पाने वाचवत नाही, आणि गावात उभे नसाल तर कळत नाही. ती तुम्हाला घरी बसू देत नाही.

तेव्हा या सुटीत ज्यांना लोणारला जायचे आहे त्यांनी लीळाचरित्राचे पुस्तक ग्रंथालयातून आणून सोबत घ्यावे, जमल्यास स्थानपोथीही घ्यावी. मेहकर आधी करावे, लोणार मग. भाषा पहिली दोन पाने अडखळवते. मोठ्याने वाचली की पायाखाली येते, कारण ती बोलणाऱ्यांचीच आहे आणि वऱ्हाडी कानाला तर फारशी परकीही नाही. आजींना बरोबर न्यावे. वाचन त्यांच्याकडे द्यावे, आणि देवळाची दारे पूर्वेला की पश्चिमेला, हे पोथीशी ताडून पाहण्याचे काम मुलांकडे.